मानेतले पापुद्रे

मेडिकल कॉलेजात मृतदेह उलगडून शरीररचना शिकायच्या डिसेक्शन हॉलमध्ये दिवसभर एकच हुकूम असायचा: साफ करा. नर्व्ह, म्हणजे नस, साफ करा, आर्टरी साफ करा, मसलच्या कडा मोकळ्या दिसू द्या. साफ करायचं म्हणजे भोवतीचं पांढुरकं, चिवट जे काही असेल ते चिमट्यात धरून ओढायचं आणि शेजारच्या ट्रेमध्ये टाकायचं. त्या 'जे काही'चं नाव फॅशिया. गंमत म्हणजे मानेच्या फॅशियावरचा दीर्घोत्तरी प्रश्न जवळजवळ ठरलेला. सहाव्या मणक्याच्या पातळीवर मानेचा आडवा छेद आणि त्यात रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या रेषा. ती आकृती आम्ही झोपेतही काढली असती. वहीत रेष एवढी ठसठशीत, आणि टेबलावर शोधायला जावं तर ती कधीच ट्रेमध्ये गेलेली.

आमच्या टेबलाला शिकवणाऱ्या मॅडमना हे खटकायचं. मान सुरू झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "उजवी बाजू पुस्तकाप्रमाणे करा. डावीकडे मात्र कातडी काढा आणि थांबा. तिथे मी असल्याशिवाय कुणी चिमटा लावायचा नाही." टेबलावरचे बाकीचे थोडे वैतागले, कारण पार्ट कम्प्लीशन, म्हणजे शरीराच्या त्या भागाची परीक्षा, जवळ आलं होतं आणि डावी बाजू परीक्षेत कोण विचारणार? मला मात्र त्या डाव्या बाजूनेच पुढे कान-नाक-घसा शाखेत आणलं, असं आता वाटतं.

कातडीखाली आधी चरबीचा पातळ थर आणि त्यात प्लॅटिस्मा, मानेची कातडी ताणणारा कागदासारखा स्नायू. तो वर उलटला की खरा, खोल फॅशिया सुरू होतो. त्याचे मुख्य थर तीन, शिवाय रक्तवाहिन्यांभोवतीचं एक म्यान. डाळिंब सोलताना दाण्यांच्या कप्प्यांमध्ये जो पिवळसर पापुद्रा लागतो, तसं हे प्रकरण आहे. पापुद्रा स्वतः काही करत नाही, पण कुठला दाणा कुठल्या कप्प्यात हे तोच ठरवतो. आणि एक दाणा नासला तर घाण आधी कुठवर जाणार, हेही त्याच्याच हाती.

सगळ्यांत बाहेरचा इन्व्हेस्टिंग लेयर मानेला कॉलरसारखा गोल वेढतो. मागे ट्रॅपीझियस आणि बाजूला स्टर्नोमॅस्टॉइड या दोन स्नायूंपाशी तो दुभंगतो, त्यांना पोटात घेतो आणि पुन्हा एक होतो. सबमँडिब्युलर आणि पॅरोटिड या दोन लाळग्रंथींनाही तसाच घेतो. पॅरोटिडवरचं त्याचं आवरण घट्ट असतं. गालफुगीत ग्रंथी सुजते पण तिला पसरायला जागा नसते, म्हणून पोरं एवढी कळवळतात. खाली छातीच्या हाडाजवळ त्याचे दोन पदर होतात आणि मध्ये एक छोटी फट राहते. मॅडमनी चिमट्याची मागची बोथट बाजू त्या फटीत अलगद सरकवून दाखवली. ॲलन बर्न्स नावाच्या ग्लासगोच्या शरीररचनाकाराच्या नावाने ती ओळखली जाते. हा माणूस 1813 मध्ये वयाच्या जेमतेम तिशीत गेला, पण बोटाएवढ्या एका फटीने त्याचं नाव राखलं. त्या फटीत दोन बाजूंच्या शिरांना जोडणारी एक आडवी शीर असते. तेव्हा ती नुसती वहीत लिहिली. तिची खरी ओळख पुढे व्हायची होती.

मधला थर श्वासनलिकेच्या पुढचा, प्रीट्रॅकियल. थायरॉइडला तो वेढतो आणि मागच्या बाजूने स्वरयंत्राला आणि श्वासनलिकेला घट्ट बांधतो. ओपीडीत गळ्याला गाठ घेऊन आलेल्या पेशंटच्या हातात आपण पाण्याचा ग्लास देतो आणि "गिळा" म्हणतो, त्याचं कारण हेच. स्वरयंत्र वर गेलं की थायरॉइडही वर जातो. पेशंटला वाटतं डॉक्टर पाणी पाजून वेळ काढतायत.

तिसरा, सर्वांत आतला प्रीव्हर्टिब्रल. तो मणक्यांवर आणि त्यांच्या स्नायूंवर पसरलेला असतो. त्या दिवशी मॅडमनी मला जे करायला सांगितलं ते अजून बोटात आहे. अन्ननलिका आणि घशाचा भाग थोडा पुढे ओढून त्यांनी मला त्यामागे तर्जनी घालायला लावली. "आता खाली सरकव." बोट निघालं. मला वाटलं गळ्याच्या तळाशी अडेल. अडलं नाही. बोट संपलं, जागा संपली नाही. मॅडम एवढंच म्हणाल्या, "ही वाट छातीत जाते. पू लाही ती माहीत असते."

परीक्षेत मला काय आलं? तर पॅरोटिड. असो.

पुढची गोष्ट थेट पी.जी.च्या, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाच्या काळातली. मराठवाड्यातलं सरकारी कॉलेज, रात्रीची ऑन कॉल, मी ज्युनिअर रेसिडेंट. कॅज्युअल्टीतून फोन आला की एकाचा गळा सुजलाय, बोलता येत नाही. खाली गेले तर चाळिशीतला एक शेतकरी स्ट्रेचरच्या कडेला पुढे वाकून बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर, हनुवटी पुढे काढलेली, तोंडातून लाळ गळतेय. झोपवायला गेलं की तो धडपडून उठायचा. बायको सांगत होती, "मॅडम, दाढच दुखायली होती की. लवंग ठेवली, गोळी घेतली. कालपासून हे असं."

हनुवटीखालचा सगळा भाग दोन्ही बाजूंनी सुजलेला होता. बोट दाबून पाहिलं तर खड्डा पडत नव्हता, पू असल्यासारखं मऊही लागत नव्हतं, नुसता टणक. "काका, तोंड उघडा बरं." दातांमध्ये माझं एक बोट कसंबसं गेलं. जीभ टाळूला टेकलेली, तिच्याखालचा तोंडाचा तळ फुगून वर आलेला. आवाज दबका, बोजड. साखर तपासली तर 400 च्या वर. मधुमेह आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं.

याला लुडविग्ज अँजायना म्हणतात. नाव ऐकून लोकांना हृदय आठवतं, पण त्याचा हृदयाशी काही संबंध नाही. विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग या जर्मन डॉक्टरने 1836 मध्ये त्याचं वर्णन केलं. बहुतेक वेळा सुरुवात खालच्या दाढेपासून होते. जबड्याच्या आतल्या बाजूला एक तिरकी कड असते आणि तिच्यावर मायलोहायॉइड हा तोंडाच्या तळाचा स्नायू चिकटलेला असतो. खालच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दाढेची मुळं बहुधा त्या कडेच्या खाली उतरतात, त्यामुळे तिथला पू तोंडात न फुटता थेट मानेच्या कप्प्यात जातो. पुढच्या दातांची मुळं कडेच्या वर असतात, म्हणून त्यांचा पू जिभेखाली. दोन्ही कप्पे मायलोहायॉइडच्या मागच्या कडेला वळसा घालून एकमेकांना मिळतात, आणि एक भरला की दुसरा भरायला वेळ लागत नाही.

आता त्या इन्व्हेस्टिंग लेयरचं इथे काम काय? तो जबड्यापासून खाली स्वरयंत्राच्या वरच्या हायॉइड हाडापर्यंत ताणून बांधलेला असतो. आत सूज वाढते, पण हा थर खाली फुगू देत नाही. मग दाब जाणार कुठे? वर आणि मागे. तोंडाचा तळ उचलला जातो, त्याच्यासोबत जीभ, आणि जीभ मागे सरकून श्वासाची वाट बंद करते. म्हणजे बाहेरून जी सूज दिसते ती आतल्या संकटाचा थोडासाच भाग. नातेवाईक सुजेकडे बघतात. आपण माणूस बसलाय कसा आणि थुंकी गिळतोय का, ते बघायचं. हे मला कुणी वर्गात सांगितलं नव्हतं. त्या रात्री आमच्या लेक्चरर सरांनी जिना उतरता उतरता सांगितलं.

भूलतज्ज्ञ मॅडमनी नाकातून दुर्बिणीवर नळी घालायचा प्रयत्न केला, पेशंट जागा असतानाच. लाळेत आणि सुजेत काही दिसेना. बेशुद्ध करणं शक्य नव्हतं, कारण स्नायू सैल पडले असते तर उरलीसुरली वाटही बंद झाली असती. सर म्हणाले, "लोकल भुलीत ट्रॅकिओस्टॉमी. बसवूनच." काकांची सही घेतली, म्हणजे त्यांनीच घेतला कागद आणि वाकड्यातिकड्या अक्षरात नाव लिहिलं. बोलता येत नव्हतं, पण डोळे सगळं विचारत होते. "गळ्याला छोटं भोक पाडून नळी घालणार, सूज उतरली की काढणार," एवढंच मी सांगू शकले.

ट्रॅकिओस्टॉमी हा खरं तर मानेच्या फॅशियाचा रांगेतला पाठ आहे. मधोमध राहिलं तर वाट जवळजवळ रक्ताविना मिळते, आणि बाजूला गेलं की माती होते. कातडी, चरबी, मग इन्व्हेस्टिंग लेयर. तो उघडला आणि खालच्या टोकाला गडद रक्त भसकन वर आलं. सर शांतपणे म्हणाले, "बर्न्सची फट. ती आडवी शीर आहे. क्लॅम्प घे, बांध." तिला बांधलं. मग श्वासनलिकेपुढचे पट्ट्यांसारखे स्ट्रॅप स्नायू मधल्या पांढऱ्या रेषेवर वेगळे करून दोन्ही बाजूंना ओढले. मग प्रीट्रॅकियल फॅशिया, खाली थायरॉइडचा पूल, तो वर सारला. श्वासनलिकेची कडी बोटाला लागली, सुईने हवा खेचून खात्री केली आणि नळी आत गेली. पेशंट खोकला, नळीतून हवेचा झोत आला, आणि मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा चढायला लागला तेव्हा भूलतज्ज्ञ मॅडमनी मास्कच्या आडून पहिल्यांदा मोठा श्वास सोडला.

आता त्याला झोपवता आलं, भूलही देता आली. पुढचा चीर जबड्याच्या कडेखाली दोन बोटं, कारण त्याहून वर खालच्या ओठाची नर्व्ह असते. कातडी आणि प्लॅटिस्मा कापून इन्व्हेस्टिंग लेयर उघडला की सुरी बाजूला. पुढे बंद फोर्सेप्स आत घालून मग उघडायचा, कापायचं नाही, हिल्टनची पद्धत. मायलोहायॉइडच्या धाग्यांमधून वर जिभेखालच्या कप्प्यापर्यंत. मला वाटलं होतं पू चा लोट येईल. आलं काय, तर थोडंसं तपकिरी, पाणचट, भयंकर घाण वासाचं द्रव. मी सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "लुडविगमध्ये पू शोधत बसू नकोस. आपण दाब सोडवायला आलोय." चीर उघडल्यावर तो टणक भाग हाताखाली सैल पडत गेला, ते मी ग्लोव्हमधूनही जाणवून घेतलं. उरलंसुरलं वाहून जायला दोन्ही बाजूंना कोरुगेटेड ड्रेन ठेवले.

सकाळी सी.टी. झाला, मान आणि छाती दोन्ही. आमच्या युनिटमध्ये मानेचा खोल पू असला की छातीसुद्धा काढायचीच, असा दंडक होता. नातेवाईकांना तो खर्चाचा भाग वाटतो. पण मॅडमनी माझं बोट ज्या वाटेत घातलं होतं, ती हीच. घशामागच्या जागेत एक आणखी पातळ पडदा असतो, एलार फॅशिया. त्याच्या पुढची जागा छातीच्या वरच्या भागात कुठेतरी संपते. त्याच्या मागची मात्र डायफ्रामपर्यंत, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्यापर्यंत, सरळ उतरते. ग्रोडिन्स्की आणि होलियोक या दोघांनी 1938 मध्ये या जागा पद्धतशीर मांडल्या, आणि मागच्या जागेला डेंजर स्पेस हे नाव आजही चालतं. बाजूने रक्तवाहिन्यांचं म्यान आहे, कॅरोटिड शीथ: आत कॅरोटिड धमनी, जुग्युलर शीर आणि व्हेगस नर्व्ह. 1929 मध्ये अमेरिकन डॉक्टर मोशर यांनी त्याला मानेचा 'लिंकन हायवे' म्हटलं. अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पार करणारा तो रस्ता. गुरुत्वाकर्षण पू ला खाली ओढतं आणि प्रत्येक श्वासागणिक छातीतला उणा दाब त्याला आत खेचतो. एकदा तो छातीच्या मध्यभागी पोहोचला की आमच्या हातात फार कमी उरतं. छातीचे सर्जन बोलवावे लागतात.

काकांच्या बाबतीत संसर्ग घशाच्या एका बाजूच्या कप्प्यापर्यंत गेला होता. तिथून घशामागे उतरायला एक पायरीच उरली होती. छाती स्वच्छ होती. इन्सुलिन, प्रतिजैविकं, रोज ड्रेसिंग. सूज उतरल्यावर डेंटलच्या मुलांनी दाढ काढली. काकांनी ती कागदात बांधून मागून घेतली. "गावात दाखवतो," म्हणाले, नळीवर बोट ठेवून.

त्यानंतर मानेकडे बघायची माझी रीतच बदलली. क्लॅव्हिकलच्या, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या, वर सुरीचा घाव घेऊन कुणी आलं की मी आधी ओला गॉज दाबून धरते. तिथे एक्स्टर्नल जुग्युलर शीर इन्व्हेस्टिंग लेयरला भोक पाडून आत शिरते आणि थर तिच्या भिंतीला चिकटलेला असतो. शीर कापली गेली तरी तो तिला मिटू देत नाही. तोंड उघडंच राहतं, आणि श्वास आत घेतला की रक्त बाहेर येण्याऐवजी हवा आत जाऊ शकते. एरवी कापलेली शीर आकसते, इथे फॅशियाच आडवा येतो.

मणक्यांच्या टीबीचे पेशंट आमच्याकडे कमी नसतात. एक कॉलेजातली मुलगी आली होती, मान आखडलेली, घास अडकतोय, ताप येऊन जाऊन. घशात मागच्या भिंतीला मधोमध फुगवटा. लहान मुलांत घशामागचा पू बहुधा एका बाजूला असतो, कारण तिथल्या लसिका ग्रंथी पू धरतात आणि त्या जागेला मध्ये शिवण असते. शाळेच्या वयापर्यंत त्या ग्रंथी आक्रसून जातात. मोठ्यांत मधोमध फुगवटा दिसला की नजर मणक्याकडे गेली पाहिजे. बाजूच्या एक्स-रेत मणक्यापुढची सावली मोजतात: दुसऱ्या मणक्यासमोर 7 मिलिमीटर आणि प्रौढांत सहाव्यासमोर 22, याच्या वर गेली तर गडबड. तिची पुष्कळ वर होती. हा पू प्रीव्हर्टिब्रल फॅशियाच्या मागे असतो, म्हणून समोर फुटायच्या ऐवजी त्याच्याखालून बाजूला सरकत मानेच्या बाजूला, कधी काखेपर्यंतही जातो, कारण हाताच्या नसांभोवतीचं म्यान याच थराचं पुढे गेलेलं रूप आहे. एका कनिष्ठ सहकाऱ्याने उत्साहाने विचारलं, "तोंडातूनच चीर देऊ का?" नाही. टीबीच्या पू ला तोंडातल्या जंतूंची भेट घालून द्यायची नसते. तिला टीबीची औषधं आणि मानेला कॉलर दिली, आणि मणक्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

मधल्या काळात एक वादही वाचनात आला. 2005 मध्ये भूलतज्ज्ञांच्या एका नियतकालिकात असं छापून आलं की मानेच्या बाजूच्या त्रिकोणात इन्व्हेस्टिंग लेयर म्हणून सलग थर बहुधा नाहीच. शवाचे पातळ काप प्लास्टिकमध्ये बसवून त्यांनी ते पाहिलं होतं. भूलतज्ज्ञांना त्यात रस असणारच. मानेतल्या नसांना बधिर करायचं औषध वरच्या थरात टोचलं तरी ते खोल का जातं, हा त्यांचा रोजचा प्रश्न. आमच्या आकृतीतली एक ठसठशीत रेष अशी पुसट झाली. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. टेबलावरही ती त्या जागी कधी नीट सापडली नव्हती.

फॅशियाचं सर्वांत जास्त ऋण मात्र कॅन्सरच्या ओ.टी.त आहे. तंबाखू, गुटखा, मिसरी. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरला पेशंटांची वाण नाही, आणि त्यातल्या पुष्कळांच्या मानेतल्या ग्रंथी काढाव्या लागतात. अमेरिकन सर्जन जॉर्ज क्राइल यांनी 1906 मध्ये त्यासाठी जी मोठी शस्त्रक्रिया मांडली तिच्यात स्टर्नोमॅस्टॉइड, जुग्युलर शीर, खांदा उचलणारी ॲक्सेसरी नर्व्ह, सगळंच ग्रंथींबरोबर जायचं. कॅन्सर आटोक्यात यायचा आणि खांदा पडायचा. अर्जेंटिनाचे ओस्वाल्डो सुआरेझ यांनी 1963 मध्ये वेगळा मुद्दा मांडला: ग्रंथी स्नायूत नसतात, शिरेतही नसतात; त्या फॅशियाच्या कप्प्यातल्या चरबीत असतात. मग कप्पाच सोलून काढा आणि बाकीचं जागेवर ठेवा.

ते करताना हात काय करतो, ते सांगते. स्टर्नोमॅस्टॉइडच्या पुढच्या कडेवर फॅशियाला आडवा नव्हे, उभा छेद. सहाय्यक आर्टरी फोर्सेप्सने फॅशियाची कड पकडून पुढे ताणतो, मी स्नायू मागे धरते आणि दोघांमधल्या ताणावर सुरी हलकेच फिरवते. ताण बरोबर असेल तर सुरी चालवावी लागत नाही. पांढरा पापुद्रा लाल स्नायूवरून स्वतः सुटत येतो. छोट्या शिरा दिसल्या की बायपोलर, त्या जाळून बंद करणारा विजेचा चिमटा. स्नायूच्या आतल्या बाजूला वळलं की वरच्या तिसऱ्या भागात ॲक्सेसरी नर्व्ह येते, तिथे सगळे गप्प बसतात. मग जुग्युलर शिरेवरचं आवरण, वरून खाली. आणि सगळ्यांत खाली, जमिनीसारखा, प्रीव्हर्टिब्रल. त्याला हात लावायचा नाही. त्याच्याखाली डायफ्राम हलवणारी फ्रेनिक नर्व्ह आणि हाताकडे जाणाऱ्या नसा आहेत. तो अखंड राहिला तर श्वास आणि हात दोन्ही राहतात. नव्या निवासी डॉक्टरांच्या हातात सक्शन असतं आणि नजर मोठ्या रक्तवाहिन्यांकडे, मी त्यांना विचारते, "प्लेन, दोन थरांमधली वाट, दिसतोय का? तो आधी बघ, कॅरोटिड कुठे पळून जात नाही."

काढलेला तुकडा टेबलावर मांडून वर-खाली, पुढे-मागे ओळखता यावा म्हणून त्यावर टाके घालतो, पातळीनुसार, म्हणजे मानेच्या ठरलेल्या भागांनुसार, वेगवेगळ्या डब्यांत भरतो, आणि पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर लिहितो: लेव्हल एक ते चार. कुठल्या पातळीतल्या किती ग्रंथींत कॅन्सर आहे आणि तो ग्रंथीचं कवच फोडून बाहेर आलाय का, यावर पुढचं रेडिएशन आणि केमोथेरपी ठरते. गेल्या महिन्यातल्या एका पेशंटचा रिपोर्ट आला. दोन ग्रंथी लागण झालेल्या, कवच शाबूत. राउंडला मी त्याला म्हणाले, "दादा, हात वर करा, डोक्यावर." त्याने केला, आणि तसाच धरून विचारलं, "मॅडम, पुढच्या हंगामात मोळी उचलता येईल ना?"

फिजिओथेरपीच्या मुलीला मी त्याच्यासाठी रोजचे व्यायाम लिहून द्यायला सांगितलं. नर्व्ह वाचली तरी शस्त्रक्रियेत ती ताणली जातेच, आणि खांदा पुन्हा पूर्ण बळावर यायला काही महिने लागतात.